डावा अजून एक सूत

मास्तरीणबाईच्या दुकानातून नवा कपडा घालून, आरशात बघून, सरळ घरी जाता येत नसे. ट्रायलला आलेल्या बाईला ती आधी हात वर करायला लावी. मग स्टुलावर बसायला. मग वाकून पायाचा अंगठा धरायला. एखादी वैतागून म्हणे, "अहो, मला कपडा घालायचाय, कवायत नाही करायची." तर ओठांत धरलेल्या टाचण्यांच्या फटीतून मास्तरीण उत्तर देई, "उभं राहिल्यावर सगळ्यांनाच छान बसतं. जगायचं बसून-वाकून असतं, बाई."

दुसरा नियम मायेचा. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, त्याला शिवणकामात माया म्हणतात. बाहेरून ती दिसत नाही. पण अंग भरलं, कपडा आटला, की शिवण उसवून तेवढं मोकळं करता येतं. तयार कपडे विकणाऱ्या मोठ्या दुकानांनी ही माया पार खाऊन टाकली. मास्तरीण मात्र दोन्ही बाजूंना बोटभर सोडल्याशिवाय कात्री चालवत नसे. हे तिला आईनं शिकवलेलं. आई शिकवत होती तेव्हा धाकटी सहा वर्षांची होती. तिनं विचारलं होतं, "कापडावरपण माया करायची?" आई म्हणाली होती, "करायची. कापलेलं परत वाढत नाही, पोरी."

ही धाकटी म्हणजे छबी. खरं नाव कागदावर राहिलं. लहानपणी कोपऱ्यावरच्या फोटोवाल्यानं तिचा फोटो मोठा करून काचेच्या कपाटात लावला आणि तेव्हापासून सगळी गल्ली तिला छबी म्हणू लागली. मास्तरणीचा फोटो कुणी कपाटात लावला नाही. तिला त्याचं वाईटही वाटलं नाही, कारण छबी तिचीच होती. घरात सोन्याचा डाग असावा आणि तो आपल्या गळ्यात नसून बहिणीच्या गळ्यात असावा, एवढाच काय तो फरक.

छबीची एक खोड होती. नको त्या वेळी डोळा मारायची. डावा. शाळेत बाई मास्तरणीला झापत असताना वर्गाच्या दारातून डोळा मारायची आणि मास्तरीण हसली की तिला दुप्पट मार. आईच्या शेवटच्या आजारात डॉक्टर चेहरा लांब करून काहीबाही सांगत होते, तेव्हाही छबीनं त्यांच्या खांद्यावरून बहिणीला डोळा मारला होता. आणि खाटेवरून आईचा बारीक आवाज आला होता, "मी बघितलं गं."

आता छबी अठ्ठेचाळीसची आणि मास्तरीण छप्पन्नची. मास्तरणीचा नवरा वारून बरीच वर्षं झाली होती. छबीनं लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "ताईला कोण सांभाळणार?" मास्तरीण म्हणायची, "मांजर पाळली असती तरी चाललं असतं. निदान ती कमी बोलते." दुकानामागच्या दोन खोल्यांत दोघी राहायच्या.

छबी फर्निचरच्या शोरूममध्ये काउंटरवर होती. बावीस वर्षं. तिथं नवीन मॅनेजर आला, तिच्या नोकरीपेक्षा जेमतेम चार-पाच वर्षांनी मोठा. रोज सकाळी आत आला की हातातला कप हलवत विचारायचा, "काय मॅडम, रात्री झोप नाही झाली वाटतं?" छबी आठ तास घोरायची. भिंतीपलीकडे मास्तरणीला ऐकू येईल इतकं घोरायची. पण तिच्या वरच्या पापण्या आईच्या होत्या. चाळिशीनंतर त्या हळूहळू उतरत आल्या होत्या, डावी जरा जास्तच. पहिल्या दिवशी ती हसली. दहाव्या दिवशी हसली नाही. महिन्याभरानं ती आरशासमोर दोन बोटांनी पापण्या वर उचलून उभी राहायला लागली.

"ताई, अशी बघ. दहा वर्षं गेली की नाही?"

"बोटं पण गेली. आता हिशेब काय पायानं लिहिणार?"

पण छबीचं ठरलं होतं. वाढतं वय हा आजार नाही. पण त्याला आजार म्हणून विकणारी दुकानं गल्लोगल्ली उघडली आहेत, आणि गिऱ्हाईक आपोआप यावं म्हणून रोज सकाळी कप हलवत टोमणे मारणारे बिनपगारी दलाल सगळीकडे पसरले आहेत. त्या मॅनेजरच्या बापाच्या डोळ्यांखाली थैल्या लोंबत असतील, त्याला कुणी विचारलं नसेल झोप झाली का म्हणून.

दवाखाना चकचकीत होता. काचेचं दार, अत्तराचा वास, भिंतीवर बायकांचे जोडीजोडीनं फोटो, एक आधीचा, एक नंतरचा. मास्तरणीनं ते नीट निरखले. आधीच्या फोटोंत दिवा नव्हता, नंतरच्या फोटोंत होता. निम्मा फरक दिव्याचा होता. विटकं कापड खपवायचं तर दुकानदार हेच करतात, हे तिला तिथल्या तिथे कळलं. आणि तरी ती गप्प बसली. छबीचा चेहरा इतका उजळला होता की तिच्यानं बोलवेना.

डॉक्टर तरुण होता, गोड बोलणारा. छबीला स्टुलावर ताठ बसवून त्यानं जांभळ्या पेनानं पापण्यांवर रेघा ओढल्या. एवढं काढायचं, अर्ध्या तासाचं काम, दुपारी घरी. मास्तरणीला नवल वाटलं. हा तर आपला खडू! आपल्यासारखाच मान तिरकी करून बघतोय. छबी वळून म्हणाली, "ताई, तू बघून सांग. डॉक्टर, माझ्या बहिणीची नजर चुकत नाही. डोळ्यांनी माप घेते ती."

मास्तरणीला बरं वाटलं. तीस वर्षं तिच्या नजरेला कुणी असं मोठ्या दवाखान्यात विचारलं नव्हतं. तिनं एक डोळा बारीक केला, दोन्ही बाजू ताडून पाहिल्या आणि सवयीनं बोलून गेली, "डावा अजून एक सूत."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. कापडात तो काहीच नाही.

"वा! आज आमच्यापेक्षा मोठ्या मास्तर आल्यात," डॉक्टर हसला. त्यानं डाव्या पापणीवरची रेघ पुसली आणि थोडी वर ओढली.

मग चार पानांचा कागद आला. डॉक्टरनं बोट ठेवलं ते फक्त सहीच्या जागेवर. तिसऱ्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं की डोळा पूर्ण न मिटण्याची शक्यता असते. मास्तरीण कापडाच्या काठावरची धुण्याची सूचनासुद्धा वाचणारी बाई. हा कागद तिनं वाचला नाही, छबीनंही वाचला नाही. पेन मात्र छान होतं, असं छबी बाहेर आल्यावर म्हणाली.

पहिले पंधरा दिवस चेहरा मार खाल्ल्यासारखा निळा-जांभळा होता. मग रंग उतरला, टाके निघाले आणि खरंच, छबी दहा वर्षांनी मागे गेली. शोरूममध्ये मॅनेजर म्हणाला, "मॅडम, एकदम फ्रेश! मस्त झोप झालेली दिसतेय."

छबीला तीन आठवडे धड झोप नव्हती.

उजवा डोळा बसला. डावा बसेना. सकाळी उठली की त्यात वाळू भरल्यासारखी खरखर, दिवसभर पाणी, दिव्याकडे बघवेना. दवाखान्यात फोन केला की उत्तर ठरलेलं होतं: सूज आहे, उतरली की बसेल. छबी घरातही काळा चष्मा लावून वावरू लागली. "नटीसारखी दिसते का नाही?" म्हणायची. मास्तरीण म्हणायची, "भिंतीला धडकणारी नटी." आणि मशीनवर वाकायची, कारण त्या एका सुताचा विचार मनात आला की सुई बोटात जायची.

सुट्टीच्या दिवशी दुपारी छबी कापायच्या टेबलावर झोपली. लहानपणापासूनची सवय ती, कापडाच्या गठ्ठ्यावर डोकं टेकून. चष्मा छातीवर. मास्तरीण टेबलाच्या दुसऱ्या टोकाला एका कोटाचं लोकरी कापड कापत होती. लोकरीचं कापड कापलं की बारीक तंतू उडतात. खिडकीतून आलेल्या उन्हात ते तरंगत होते. मास्तरणीनं सहज मान वर केली आणि कात्री तिच्या हातातच थांबली.

छबी घोरत होती. उजवा डोळा मिटलेला. डावा मिटलेला नव्हता. पापणी खाली आली होती, पण काठापर्यंत पोचली नव्हती. मध्ये पांढरी फट होती, सुताएवढी. मास्तरणीची नजर चुकत नाही. बरोबर एक सूत.

एक करडा तंतू हवेत डुलत डुलत खाली आला आणि त्या पांढऱ्या फटीवर बसला. छबी घोरत राहिली.

मास्तरणीनं कात्री ठेवली. ओल्या कापसाच्या टोकानं तो तंतू अलगद उचलला आणि मग आपला तळहात त्या डोळ्यावर, न टेकवता, तंबूसारखा धरला. आपल्या बहिणीला आपण पापणी कमी पाडली, आता हात तरी धरावा. खांद्यापासून बोटांपर्यंत मुंग्या आल्या, तरी तिनं हात काढला नाही.

तासाभरानं छबी जागी झाली. "ताई! काय करतेस? नाक दाबून मारतेस की काय?"

"ऊन येत होतं तोंडावर."

"ऊन त्या बाजूनं येतंय." छबीनं चष्मा लावला. मग जरा वेळानं, टेबलावरून पाय हलवत म्हणाली, "गुरुवारी मी दवाखान्यात जातेय. डॉक्टर म्हणाला, खालच्या पापण्याही थोड्या ओढून घेऊ. मग वर-खाली जोडी जमेल."

"परत कापणार?"

"दुरुस्ती आहे गं. तू नाही का, बिघडलेला कपडा आपल्याकडेच परत आणायला सांगतेस?"

"मी परत आलेल्या कपड्यात कापड घालते, छबे! तो अजून काढणार आहे!"

"तुला काय कळतंय त्यातलं? तुझ्या चेहऱ्याकडे कुणी बघायलाच येत नाही. मला आठ तास लोकांसमोर उभं राहायचं असतं!"

बोलून झाल्यावर छबीनंच जीभ चावली. पण शब्द सुटला होता. मास्तरणीनं गळ्यातली टेप काढून खुंटीला लावली. मग छबीच्या हाताला धरून तिला खाली उतरवलं आणि ट्रायलच्या आरशासमोर उभं केलं.

"हात वर कर."

"ताई, माफ कर ना. मी असंच..."

"हात वर कर. हं. आता बस. वाक. ऊठ. चष्मा काढ. आता डोळे मीट."

"मिटले."

"मिटलेच राहू दे." मास्तरणीनं छबीच्याच फोनवर फोटो काढला आणि फोन तिच्या हातात दिला. "आता उघड आणि बघ."

छबीनं बघितलं. बराच वेळ बघितलं. जिचा फोटो एकेकाळी कपाटात लागला होता ती बाई स्वतःचा फोटो बघत होती. एक डोळा झोपलेला आणि एक मेलेल्या माशासारखा अर्धा उघडा.

"ही ट्रायल मी तिथं घ्यायला पाहिजे होती," मास्तरीण म्हणाली. "येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला उठवते, बसवते. माझ्या बहिणीला डोळे मिटून दाखव म्हटलं नाही. आणि तो एक सूत..." ती आरशासमोर खाली बसली. "तो मी सांगितला, छबे. मोठेपणा करायला गेले."

"माहितीय मला."

"माहितीय? मग बोलली का नाहीस इतके दिवस?"

"बोलले असते तर तू रडली असतीस. घरात एक डोळा गळतोय तेवढा पुरे म्हटलं." छबी हसायला गेली आणि तिलाच रडू फुटलं. दोघी आरशासमोर बसून रडल्या. मास्तरणीनं तिचं तोंड लोकरी कापडाला पुसू दिलं नाही. टोचेल म्हणून मऊ सुती तुकडा शोधून आणला.

दुसऱ्या दिवशी दोघी डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यात गेल्या. बाकड्यावर चार तास बसल्या. तिथली डोळ्यांची डॉक्टरीण वयस्क होती. स्वतःच्या पापण्या पार खाली उतरलेल्या, आणि त्याची फिकीर नसलेली. तिनं छबीच्या डोळ्यात पिवळं औषध टाकलं, निळ्या दिव्यानं पाहिलं. बुबुळाच्या खालच्या बाजूला हिरवा ठिपका चमकला.

"ही जखम आहे. डोळा उघडा राहून सुकतो, आणि सुकून सोलवटतो. अजून पंधरा दिवस असेच काढले असते तर नजर गेली असती. खालची पापणी ओढायची म्हणाला तो? मग तर फट आणखी वाढली असती." तिनं दिवा बंद केला. "वरच्या पापणीत थोडी कातडी राखायची असते हो. उघड्या डोळ्यात ती फालतू वाटते. मिटताना तीच लागते. त्या जास्तीला..."

"माया," दोघी बहिणी एकदम म्हणाल्या.

डॉक्टरणीनं चष्म्यावरून पाहिलं. मास्तरणीनं समजावून सांगितलं. डॉक्टरीण हसली नाही. "बरोबर शब्द आहे," म्हणाली. "तुमची माया कापली गेलीय. आधी जखम भरू. तोवर झोपताना मलम आणि पट्टी. मग कानामागची कातडी घेऊन ठिगळ लावू."

"रंग जुळेल?" छबीनं विचारलं.

मास्तरीण मध्येच बोलली, "कानामागचं ऊन न लागलेलं असतं. थोडं फिकट दिसणार." मग दचकून गप्प झाली. आता कुठल्याच डॉक्टरसमोर मत द्यायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं.

"फिकट दिसेल," डॉक्टरीण म्हणाली. "आणि नजरेच्या कोपऱ्यात थोडं धुकं कायम राहील. खोटं सांगत नाही."

छबीनं बहिणीचा हात धरला. "ठिगळ तर ठिगळ. घरातलंच कापड आहे."

गुरुवारी चकचकीत दवाखान्यात छबी गेली नाही. मास्तरीण गेली. बाहेर पाच-सहा बायका बसल्या होत्या. डॉक्टर दारात आला, तसं तिनं तिथंच उभं राहून विचारलं, "उरलेलं कुठाय?"

"काय उरलेलं?"

"माझ्या बहिणीचं कापलेलं. मी गिऱ्हाईकाला उरलेल्या चिंध्यासुद्धा पिशवीत बांधून परत देते. तुम्ही तिची पापणी कापलीत. ती कुठाय? डोळा मिटत नाहीये तिचा. बुबुळाला जखम झालीय."

डॉक्टरनं आजूबाजूला पाहिलं, आवाज खाली घेतला. "हे बघा, कागदावर सगळं लिहिलं होतं. आणि अजून एक सूत घ्या, असं तुम्हीच म्हणाला होतात. आठवतंय ना?"

हा घाव येणार, हे मास्तरणीला ठाऊक होतं. रात्रंदिवस तिनं तो स्वतःवर घातला होता. म्हणून ती ढळली नाही.

"म्हटलं. मरेपर्यंत आठवेल. माझ्याकडे रोज बायका येतात, म्हणतात, अजून आवळ, अजून आवळ. मी त्यांना श्वास घ्यायला लावते, जिना चढायला लावते आणि मग सांगते, नाही, याहून आवळणार नाही. कारण कात्री माझ्या हातात असते. माझी जीभ चुकली रे. पण कात्री तुझ्या हातात होती! तू काय माझ्याकडे शिकायला आला होतास?" अहो-जाहो कधी गळून पडलं, ते तिला कळलंही नाही. "तीन आठवडे फोन केले, सूज आहे म्हणालास. एकदा बोलावून डोळा मिटायला सांगितलंस? आणि वर परत कापायला निघालास!"

डॉक्टर आत गेला आणि दार लागलं. मास्तरीण बसलेल्या बायकांकडे वळली. "तुमचा चेहरा, तुमची मर्जी. नाही म्हणणारी मी कोण. पण चारी पानं वाचा. आणि रेघ मारली की एकदा डोळे मिटून आरशात बघा."

एक पोरगेलीशी बाई म्हणाली, "मावशी, डोळे मिटल्यावर आरशात दिसणार कसं?"

"म्हणून बहिणीला बरोबर आणायचं," मास्तरीण म्हणाली. मग जरा थांबून, "माझ्यापेक्षा शहाणी असेल तर."

त्या बाईनं पर्समधून आपला चार पानांचा कागद काढला आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतला. मास्तरीण बाहेर पडली. पुढे डोळ्यांच्या डॉक्टरणीच्या पत्रासह तिनं डॉक्टरांच्या परिषदेकडे तक्रारही दिली. ती तिथं पडून आहे. दर महिन्याला जाऊन ती विचारून येते. शिवण अजून उसवली नाही, तर ती अजून एक धागा ओढते.

ठिगळ लागलं. पहिले काही दिवस छबी एका डोळ्यावर पट्टी बांधून दुकानात बसायची आणि येणाऱ्या पोरांना सांगायची की ती जहाज लुटायला गेली होती. पट्टी निघाली तेव्हा पापणीवर पेरभर लांबीची फिकट पट्टी राहिली होती. जवळून बघितलं तर दिसायची. मॅनेजरनं जवळून बघितलं.

"मॅडम, डोळ्याला काय झालं?"

"ठिगळ लावलंय," छबी म्हणाली. "आपल्या सोफ्यांना आपण मागून लावतो ना, गिऱ्हाईकाला न सांगता? मी पुढून लावलंय."

त्यानंतर त्यानं झोपेची चौकशी केली नाही.

एका दुपारी दुकानात एक मुलगी लग्नाच्या पोशाखाची ट्रायल द्यायला आली. आरशासमोर पोट आत ओढून म्हणाली, "मास्तरीणबाई, अजून जरा आवळा ना. एकच सूत."

मास्तरणीचा हात थबकला. मग तिनं हात वर करायला लावलं. बसायला लावलं. वाकायला लावलं. आणि शेवटी, हल्ली लागलेल्या सवयीनं, म्हणाली, "आता डोळे मीट."

"ते कशाला?"

"मीट तर."

मुलीनं डोळे मिटले. मास्तरणीनं वाकून नीट पाहिलं. दोन्ही मिटलेले, काठाला काठ लागलेला. "हं. मायेला हात लावायचा नाही. असाच राहू दे."

मुलगी अजून डोळे मिटून उभी होती. कापायच्या टेबलावर बटणं लावत बसलेल्या छबीनं तिच्या खांद्यावरून मास्तरणीकडे पाहिलं. आणि तिची डावी पापणी हलली. आधी ती फिकट पट्टी खाली आली, मध्येच जरा अडली, ठिगळ नवं होतं ना. मग सावकाश, अगदी सावकाश उतरत खालच्या काठाला जाऊन टेकली.

"मी बघितलं गं," मास्तरीण म्हणाली.